जंप रेसिंगच्या सीझनआधी येणारी प्रिव्ह्यू गाइड्स: नवख्या माणसाने वाचायची कशी

सप्टेंबर संपत आला की इंग्लंड-आयर्लंडमधे जंप रेसिंगची, म्हणजे घोड्यांच्या अडथळ्यांवरच्या रेसची, प्रिव्ह्यू गाइड्स यायला लागतात, दिवाळी अंकांसारखी एकदम धडाधड, कुणाची ५० घोड्यांची यादी, कुणाची त्याहून मोठी, पेपरात आज या ट्रेनरची मुलाखत उद्या त्या ट्रेनरची, आणि नवीन माणूस काय करतो तर एखादं गाइड घेतो, सगळी नावं हौसेने वाचतो, दोन आठवड्यांत विसरतो आणि मार्चमधे ऑफिसात सगळे चेल्टनहॅमच्या मोठ्या फेस्टिव्हलबद्दल बोलायला लागले की कोरी पाटी घेऊन बसतो. जे नोकरी-शिक्षणासाठी इकडे आलेत आणि एक सीझन नीट समजून बघायचा म्हणतात त्यांच्यासाठी हे लिहितोय. किंवा पुण्या-मुंबईत रेस बघत मोठे झालेत पण महालक्ष्मीला काय किंवा पुण्याला काय, सगळ्या सपाट रेस, अडथळ्यांवरून उड्या मारत तीन-चार मैल धावणारे घोडे फक्त स्क्रीनवर बघितलेत, त्यांनाही चालेल.

मुद्दा एकच आहे आणि तो आधीच सांगून टाकतो. गाइडमधून घोड्याचं नाव उचलू नका, त्या नावामागचं कारण उचला. "हा घोडा चांगला आहे" हे कारण नाही. "याला तीन मैल हवेत आणि आत्तापर्यंत दोन मैलच धावलाय" हे कारण आहे, कारण ते तुम्हाला नोव्हेंबरमधे तपासून बघता येतं. बाकी सगळं यातूनच निघतं.

आधी कॅलेंडर डोक्यात बसवा

कागदोपत्री ब्रिटनचा जंप सीझन एप्रिलच्या शेवटी सँडाउनला संपतो आणि काही दिवसांतच नवा चालू होतो, उन्हाळ्यातसुद्धा वुस्टर, न्यूटन ॲबट, मार्केट रेझन असल्या ठिकाणी जंप रेस होत असतात, पण गाइडवाले ज्याला सीझन म्हणतात तो ऑक्टोबरपासूनचा. कारण पाऊस. मोठ्या ट्रेनर्सचे चांगले घोडे मेनंतर कुरणात सोडलेले असतात, जुलै-ऑगस्टमधे पागेत परत येतात, आणि जमीन जरा मऊ झाल्याशिवाय त्यांना बाहेर काढत नाहीत, एवढ्या वजनाचा प्राणी कडक जमिनीवर उडी मारून उतरला की पायाच्या टेंडनचं काय होतं ते ट्रेनरला पक्कं माहीत असतं.

मग साधारण असं चालतं: ऑक्टोबरमधे चेपस्टोची दोन दिवसांची मीटिंग, जिथे गाइडमधली बरीच नावं पहिल्यांदा दिसतात. नोव्हेंबरच्या आसपास वेदरबीला चार्ली हॉल चेस (चेस म्हणजे मोठ्या कुंपणांवरची रेस, खाली येईलच) आणि उत्तर आयर्लंडात डाउन रॉयल. नोव्हेंबरच्या मधे चेल्टनहॅमचे तीन दिवस, महिनाअखेरीस हेडॉकला बेटफेअर चेस आणि न्यूबरीला कोरल गोल्ड कप, ज्याला जुनी माणसं अजून हेनेसीच म्हणतात. डिसेंबरच्या सुरुवातीला सँडाउनला टिंगल क्रीक, २६ डिसेंबरला केम्प्टनला किंग जॉर्ज, त्याच दिवसापासून डब्लिनजवळ लेपर्डस्टाउनचे चार दिवस. फेब्रुवारीच्या सुरुवातीला परत लेपर्डस्टाउन, तो डब्लिन रेसिंग फेस्टिव्हल. मार्चमधे चेल्टनहॅम फेस्टिव्हल, चार दिवसांत २८ रेस. एप्रिलमधे लिव्हरपूलजवळ एन्ट्री (Aintree) कोर्सवर ग्रँड नॅशनल आणि शेवटी आयर्लंडात पंचेसटाउन. हे सगळं पाठ करायची गरज नाही, फोनच्या कॅलेंडरमधे टाका आणि मोकळे व्हा.

गाइड कुठली कुठली असतात

ढोबळ चार प्रकार. पहिला म्हणजे "या घोड्यांवर लक्ष ठेवा" छाप पुस्तिका, टाइमफॉर्मसारख्या संस्थेची किंवा एखाद्या जुन्या जाणकाराची. टाइमफॉर्म ही १९४८ मधे फिल बुलने काढलेली कंपनी, घोड्यांना रेटिंग द्यायचं त्यांचं काम, आर्कल नावाच्या आयरिश घोड्याला त्यांनी दिलेलं २१२ हे चेसरचं रेटिंग साठ वर्षं होत आली तरी कुणी ओलांडलेलं नाही. दुसरा प्रकार स्टेबल टूर, म्हणजे पत्रकार पागेत जातो आणि ट्रेनर एकेका घोड्याबद्दल दोन-तीन वाक्यं बोलतो. तिसरा प्रकार चेल्टनहॅमच्या आधी फेब्रुवारी-मार्चमधे पब-हॉटेलांत होणाऱ्या प्रिव्ह्यू नाइट्स. चौथा ग्रँड नॅशनलच्या दिवशीचं पेपरातलं पान, प्रत्येक घोड्याचा फोटो, जॉकीच्या शर्टाचा रंग आणि एक ओळ. ते पान आयुष्यात एकदाच रेस बघणाऱ्यांसाठी असतं, मजा घ्या, त्यातून शिकायला फार काही नाही.

नवीन असाल तर पहिल्या प्रकारातलं एकच गाइड विकत घ्या आणि स्टेबल टूर जेवढे फुकट मिळतील तेवढे वाचा. तीन-तीन गाइड घेऊन काही होत नाही. तिन्हींत अर्धी नावं तीच असतात आणि आपल्याला उगाच वाटतं की बघा सगळेच म्हणतायत म्हणजे खरंच असणार, जेव्हा की सगळ्यांनी मार्च-एप्रिलमधल्या त्याच चार रेस बघितलेल्या असतात.

आणि गाइड कधी लिहिलंय याचं भान ठेवा. हातात ऑक्टोबरमधे आलं तरी मजकूर ऑगस्ट-सप्टेंबरचा असतो, घोडे नुकतेच गवतावरून आलेले, पोटं सुटलेली, एकानेही अजून खरी रेस धावलेली नाही. त्यानंतर कुणाच्या पायाला सूज येते, कुणाचा मालक त्याला दुसऱ्या ट्रेनरकडे हलवतो. ही चूक लेखकाची नाही, त्या धंद्याची रीतच तशी आहे.

उघडण्याआधी एवढे शब्द लागतील

हर्डल म्हणजे लवचीक, कमी उंचीचे अडथळे, किमान साडेतीन फूट. चेस म्हणजे फेन्सेसवरची रेस, फेन्स किमान साडेचार फूट, घट्ट बांधलेलं कुंपण, चूक झाली तर माफी नाही. बंपर म्हणजे जंप घोड्यांचीच पण अडथळ्याविना सपाट रेस, तरुण घोड्यांना गर्दीत धावायची सवय व्हावी म्हणून. नेहमीचा प्रवास बंपर, मग हर्डल, मग चेस असा, पण प्रत्येकजण या वाटेने जातोच असं नाही, आणि बरेच घोडे आयर्लंडातल्या पॉइंट-टू-पॉइंटमधून म्हणजे गावाकडच्या हौशी रेसमधून येतात किंवा फ्रान्समधून विकत आणलेले असतात.

नॉव्हिस म्हणजे सीझन सुरू होईपर्यंत त्या प्रकारात एकही रेस न जिंकलेला घोडा. त्यामुळे हर्डलमधे दादा असलेला घोडा पहिल्यांदा फेन्सवर आला की तो नॉव्हिस चेसर. गाइडमधे सगळ्यात जास्त जागा यांनाच मिळते.

हँडिकॅप म्हणजे अधिकृत रेटिंगप्रमाणे वजन चढवलेली रेस, एक पॉइंटला एक पाउंड. १४० वाला घोडा १२८ वाल्यापेक्षा १२ पाउंड जास्त घेऊन धावणार, साडेपाच किलोच्या आसपास. या रेटिंगला सगळे "मार्क" म्हणतात. टाइमफॉर्मचा आकडा आणि हा अधिकृत आकडा दोन वेगळ्या पट्ट्या आहेत, एकाची दुसऱ्याशी तुलना करायची नाही.

गोइंग म्हणजे जमिनीची अवस्था: फर्म, गुड, गुड टू सॉफ्ट, सॉफ्ट, हेवी. आयर्लंडात मधे एक "यील्डिंग" पण असतं. अंतर अजून मैल आणि फर्लाँगमधे, मीटरची सवय असलेल्यांनी फर्लाँग म्हणजे साधारण २०० मीटर धरा, आठ फर्लाँगचा मैल. जंप रेस सहसा दोन मैलांपासून पुढेच.

हो, आणि एक गोष्ट फार कुणी सांगत नाही. यातले बहुतेक घोडे गेल्डिंग म्हणजे खच्ची केलेले असतात, त्यांची पैदास करायची नसल्यामुळे ते तीन वर्षांचे असतानाच रिटायर होऊन स्टडला जात नाहीत, दहा-अकरा वर्षांचे होईपर्यंत दर हिवाळ्यात परत येतात. म्हणूनच इथे गाइड वाचण्यात अर्थ आहे. आज ज्याची ओळख करून घ्याल तो अजून चार-पाच हिवाळे दिसायची शक्यता असते, फ्लॅट रेसिंगमधे हे सुख नाही.

आता एक नोंद घेऊन बसू

समजा गाइडमधे असं काही आहे (घोडा मी बनवलेला आहे, शोधत बसू नका): सात वर्षांचा गेल्डिंग, फॉर्म २१/४एफ१, हर्डल मार्क १२८, दोन्ही विजय सॉफ्टवर, सगळ्या रेस दोन ते अडीच मैल. खाली लेखक लिहितो, "अंगापिंडाने मोठा, चेसिंगसाठीच जन्मलेला, तीन मैलांवर अजून सुधारेल."

फॉर्म उजवीकडून वाचायचा, सगळ्यात उजवी रेस सगळ्यात ताजी. १ ते ९ म्हणजे तो नंबर, ० म्हणजे त्याच्याही मागे. एफ म्हणजे पडला, यू म्हणजे जॉकी खाली घोडा पुढे, पी म्हणजे जॉकीने मधेच थांबवला, बी म्हणजे दुसऱ्या पडलेल्या घोड्यामुळे पडला. आडवी रेघ म्हणजे सीझन बदलला. तिरकी रेघ म्हणजे मधे अख्खा सीझन गेला. आता आपल्या घोड्याकडे परत बघा, ती तिरकी रेघ सगळ्यात महत्त्वाची आहे आणि लेखकाने तिच्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. सात वर्षांच्या घोड्याचं एक अख्खं वर्ष गेलं म्हणजे बहुतेक वेळा पायाचं दुखणं, आणि पायाचं दुखणं एकदा झालं की परत होऊ शकतं. समासात लिहा: "वर्ष का गेलं?"

मग तो एफ. नवीन माणूस एफ दिसला की घोड्यावर काट मारतो. थांबा. गालोपाँ दे शाँ नावाचा घोडा मार्च २०२२ मधे चेल्टनहॅमला शेवटच्या फेन्सपर्यंत सगळ्यांना मैलभर मागे टाकून आला होता आणि तिथे उतरताना पडला. रेसकार्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या रेस आणि घोड्यांच्या यादीत, नुसता एफ. पुढच्या वर्षी त्याने चेल्टनहॅम गोल्ड कप जिंकला, त्याच्या पुढच्या वर्षी परत. तेव्हा एफ दिसला की त्या रेसचा रिप्ले बघायचा, रेसिंगच्या साइट्सवर फुकट मिळतात. थकून पडला का, जोरात असताना एक चूक झाली का, की दर उडीला डावीकडे सरकत होता आणि आज ना उद्या पडणारच होता? तिन्हीला अक्षर एकच.

आता "तीन मैलांवर सुधारेल". कशावरून? शेवटच्या दोन फर्लाँगमधे तो वेग वाढवत होता का नुसताच टिकून होता, एवढं रिप्लेमधे बघा. आई-बापाकडच्या कुणी लांब पल्ल्यावर काही केलंय का ते गाइडमधे बऱ्याचदा असतं. आणि मार्क १२८, याचा अर्थ हा घोडा ग्रेड वन म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या रेसचा नाही, निदान आज तरी नाही, हा हँडिकॅपचा घोडा आहे, म्हणजे याच्याबद्दल खरा प्रश्न "हा चांगला आहे का" नसून "हा १२८ पेक्षा चांगला आहे का" असा आहे. टाइमफॉर्मच्या रेटिंगपुढे छोटा "पी" दिसला तर त्यांच्या मते घोडा अजून सुधारणार, मोठा "पी" असेल तर बराच सुधारणार. त्यांचं एक वेटोळं चिन्हही आहे, ते लहरी घोड्यांना मिळतं. ते दिसलं की प्रेमात पडू नका.

तर या एका नोंदीतून वहीत काय आलं: तीन मैल, सॉफ्ट, फेन्सवर उडी कशी मारतो, मार्क १२८, पाय. पाच गोष्टी. नाव यांच्या नंतर.

ट्रेनरची भाषा

स्टेबल टूर वाचताना लक्षात ठेवा की ट्रेनर मालकांसाठी बोलतोय. घोडा मालकाचा, महिन्याचं बिल मालक भरतो, सकाळी पेपर मालकही वाचणार आहे. "तुमचा घोडा हळू आहे" असं कुणी छापून आणत नाही. त्यामुळे काही वाक्यं जराशी उलगडून वाचावी लागतात, अनुभवाने जमतं, पण सुरुवातीला एवढं पुरे:

"उन्हाळ्यात छान भरलाय." हे सगळ्यांबद्दल म्हणतात. शून्य माहिती.

"अजून पोरकट आहे, मोठं बाळ आहे." क्षमता असू शकते, पण यंदा नको, पुढच्या वर्षी बघा. अशी नावं वेगळ्या पानावर लिहा, पुढच्या ऑक्टोबरला कामाला येतात.

"हँडिकॅपरने त्याला घट्ट पकडलंय." मार्क ठरवणाऱ्याने मार्क जास्त दिलाय, जिंकणं अवघड. हे मात्र ट्रेनर खरं बोलतात, कारण यात दोष दुसऱ्याचा.

"श्वासाचं छोटं ऑपरेशन केलंय." हे लिहून घ्याच. घशातून नीट हवा न जाणं हे जंप घोड्यांचं नेहमीचं दुखणं, ऑपरेशनने काही घोडे एकदम बदलतात आणि काहींना ढिम्म फरक पडत नाही. ब्रिटनमधे २०१८ पासून ऑपरेशननंतरच्या पहिल्या रेसला कार्डावर तशी खूण असते.

"छोट्या रेसने सुरुवात करू." पहिल्या रेसला घोडा पूर्ण तयार नसेल. तिथे हरला तर लगेच नाव खोडू नका.

"चेल्टनहॅमचा विचार करायला हरकत नाही." बाजारात तुरी. ऑक्टोबरमधे प्रत्येक पागेत दहा चेल्टनहॅमचे घोडे असतात.

ज्या वाक्यात ठोस काहीतरी असेल तेवढंच घ्यायचं: अमुक कोर्सला अमुक रेस, इतकं अंतर, जमीन कशी हवी, डावीकडे वळणारा ट्रॅक की उजवीकडे. आणि ट्रेनर पाचशे शब्दांत ज्या घोड्याचा उल्लेखच करत नाही, जो मागच्या वर्षी त्याचा हिरो होता, तो का गाळला हा प्रश्न स्वतःला विचारून बघा. बऱ्याचदा तिथेच बातमी असते.

आयर्लंडच्या ट्रेनर्सबद्दल एक वेगळी सूचना. विली मलिन्सचे कार्लोमधले मोठे घोडे बऱ्याचदा नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत दिसतच नाहीत आणि सीझनमधे मोजक्या रेस धावतात. एकाच रेससाठी त्याच्याकडे चार-चार घोडे तयार असतात, कोण कुठे जाणार हे शेवटच्या आठवड्यात ठरतं. त्याच्या टूरमधून "कुठली रेस" हे घेऊ नका, "किती अंतर" तेवढं घ्या. माणूस बाकी जबरदस्त आहे, आयर्लंडात बसून ब्रिटनचा चॅम्पियन ट्रेनर झाला, २०२३-२४ ला आणि परत २०२४-२५ ला, आणि त्याआधी आयर्लंडच्या ट्रेनरने हे केलं होतं ते १९५० च्या दशकात व्हिन्सेंट ओब्रायनने.

यादी छोटी करा आणि ट्रॅकर लावा

गाइडमधले ५० च्या ५० घोडे फॉलो करायला जाऊ नका, नोव्हेंबरच्या एका शनिवारी त्यातले आठ धावतील आणि तुमची दमछाक होईल. बारा-पंधरा ठेवा. निवडताना सरळ नियम: ज्याच्यापुढे तपासता येईल असं कारण लिहिता आलं तो आत, ज्याच्यापुढे "भारी दिसतो" एवढंच सुचलं तो बाहेर. थोडं मिश्रणही ठेवा, दोन-तीन नॉव्हिस हर्डलर, चार-पाच नॉव्हिस चेसर, बाकी हँडिकॅपवाले. सगळ्यात वरचे तीन-चार स्टार घोडे यादीत नाही घेतले तरी चालतात, ते टीव्हीवाले तुम्हाला विसरू देणार नाहीत.

मग रेसिंग पोस्टसारख्या साइटवर किंवा ॲपवर या घोड्यांना ट्रॅकरमधे टाका, घोड्याची एंट्री झाली की मेसेज येतो. एंट्री म्हणजे धावणार असं नाही. एकाच आठवड्यात घोड्याचं नाव तीन ठिकाणी असू शकतं. बहुतेक जंप रेससाठी पक्की यादी आदल्या दिवशी सकाळी १० वाजता लागते, काही मोठ्या रेसची त्याहून एक दिवस आधी, तोवर तिकिटं काढू नका, ट्रेनचं पण नाही. यादी लागल्यावरही पाऊस पडला किंवा नाही पडला म्हणून ट्रेनर घोडा काढून घेतात, जानेवारीत तर जमीन गोठली म्हणून अख्खी मीटिंगच रद्द होते, तो इथल्या हिवाळ्याचा भाग समजा.

पहिली रेस हीच खरी परीक्षा

तुमच्यातला घोडा पहिल्यांदा धावला की निकाल बघायच्या आधी वही काढा. लिहिलेल्या गोष्टींतल्या आज किती होत्या? सॉफ्ट हवं म्हटलं होतं आणि जमीन गुड होती, तीन मैल हवे म्हटलं होतं आणि रेस दोन मैलांची होती, तर तो पाचवा आला यातून काहीच सिद्ध झालं नाही, नाव तसंच ठेवा. उलट सगळं मनासारखं मिळूनही पाचवा आला तर आता शंका घ्या. आणि सगळं विरोधात असताना दुसरा आला असेल तर त्या नावाभोवती गोल करा, असे घोडे पुढच्या वेळी फार कमी लोकांच्या लक्षात असतात कारण पेपरात जिंकणाऱ्याचाच फोटो असतो.

कोर्सचा स्वभाव इथे लागतो. चेल्टनहॅम डावीकडे वळतं, चढ-उतार, आणि शेवटी जी चढण लागते तिथे पुढे असलेले घोडे जागच्या जागी थांबल्यासारखे वाटतात. केम्प्टन उजवीकडे, सपाट, वेगाचं काम. सँडाउन उजवीकडे, मागच्या बाजूला रेल्वेलाइनला लागून तीन फेन्स अगदी जवळजवळ, तिथे एकीला चुकलात की पुढच्या दोन बिघडतात, उडी कशी आहे ते बघायला याच्यासारखी जागा नाही. हेडॉकला डिसेंबर उजाडेपर्यंत चिखल झालेला असतो. काही घोड्यांना एकच बाजू आवडते, डेझर्ट ऑर्किड हा पांढरा घोडा उजव्या ट्रॅकचा राजा, केम्प्टनला किंग जॉर्ज चार वेळा जिंकला, चेल्टनहॅम त्याला कधी आवडलं नाही आणि तरी १९८९ चा गोल्ड कप त्याने तिथेच, चिखलात, जिंकला. म्हणजे नियम माहीत हवेत, पण घोड्यांना ते कुणी सांगितलेले नसतात.

मोठी नावं पडतात तेव्हा

मार्च २०२५ ची चेल्टनहॅमची चॅम्पियन हर्डल रेस हे यासाठी फार चांगलं उदाहरण आहे. त्या सीझनच्या प्रत्येक चर्चेत कॉन्स्टिट्यूशन हिल. २०२३ ला हीच रेस जिंकलेला, तोवर हर्डलवर एकदाही न हरलेला. रेसच्या मधेच पडला. मग स्टेट मॅन, २०२४ चा विजेता, आरामात पुढे, शेवटच्या हर्डलला तोही पडला. जिंकली गोल्डन एस नावाची घोडी, २५-१ च्या भावाने. सगळे म्हणाले नशीब, आणि नशीब होतंच, दोघे उभे राहिले असते तर ती जिंकत नव्हती. पण आदल्या वर्षी याच चेल्टनहॅमला फक्त घोडींच्या नॉव्हिस हर्डलमधे तिने ब्रायटरडेजअहेडला हरवलं होतं, आणि तीच ब्रायटरडेजअहेड २०२५ च्या त्या रेसमधे गोल्डन एसपेक्षा कितीतरी जास्त चर्चेत होती. ज्याच्या वहीत "ही चढण तिला चालते" एवढी ओळ होती त्याला बाकीच्यांइतका धक्का बसला नसणार. विजेता ओळखायला वही उपयोगी पडेल असं नाही, रेस कळायला पडते.

प्रिव्ह्यू नाइट्स

फेब्रुवारीच्या शेवटी जवळपास एखादी असेल तर जरूर जा, बऱ्याच वेळा एखाद्या धर्मादाय कामासाठी असतात. स्टेजवर ट्रेनर, जॉकी, पत्रकार, एखादा बुकमेकरचा माणूस, हातात ग्लास, आणि "सकाळच्या सरावात घोडा उडतोय" छाप कानगोष्टी. ही करमणूक आहे. एकाच पॅनेलवर चौघे चार घोडे शंभर टक्के जिंकणार म्हणून सांगतात. तिथे एवढंच टिपा: कुणाचा घोडा कुठल्या रेसमधून काढला, कोण आजारी आहे, कुठल्या जॉकीने कुठला घोडा निवडला. अंदाज ऐका आणि सोडून द्या. आणि कार्यक्रमपत्रिका चालू वर्षाचीच बघा, फेस्टिव्हलच्या रेस बदलतात, २०२५ ला नॉव्हिस चेसरची अडीच मैलांची ग्रेड वन रेस काढून तिथे हँडिकॅप आणली, आणि ग्रँड नॅशनलला २०२४ पासून ४० ऐवजी जास्तीत जास्त ३४ घोडे धावतात. जुन्या माहितीवर बोललात की पबमधला एखादा म्हातारा लगेच पकडतो.

पैशाचं

पहिला सीझन पैसे न लावता बघा असं माझं स्पष्ट मत आहे. गाइडमधे घोड्यापुढे मार्चच्या रेसचा भाव छापलेला असतो, तो ऑक्टोबरचा भाव, आणि त्यावर लावून घोडा धावलाच नाही तर पैसे गेले, "नॉन-रनर नो बेट" असं लिहिलेलं नसेल तर परत मिळत नाहीत. पायाच्या दुखण्याचं वर आलंच आहे. जिंकल्यावर भाव उतरला म्हणून त्याच घोड्याच्या मागे लागणं म्हणजे वरातीमागून घोडं. भारतात बसून हे वाचत असाल तर परदेशी बेटिंग ॲपवर खातं उघडण्याच्या भानगडीत पडूच नका, कायद्याने अंगाशी येईल. मित्रांत पंधरा-पंधरा घोडे निवडून पॉइंटची स्पर्धा लावा, जिंकला तर तीन, दुसरा आला तर एक, हरणाऱ्याने एप्रिलमधे जेवण द्यायचं.

शेवटची टीप खिशाची. इथल्या चॅरिटी शॉपमधे मागच्या वर्षीची गाइड्स नाण्यांच्या भावात मिळतात, मिळालं तर घ्या. नव्या गाइडच्या लेखकाचं मागच्या वर्षीचं असेल तर उत्तमच. शांतपणे बसून त्यातले दहा घोडे साइटवर शोधा आणि बघा लेखकाने काय कारण दिलं होतं आणि झालं काय. काही लेखक जमिनीबद्दल अचूक असतात आणि अंतराबद्दल कायम चुकतात, काहींना एकाच ट्रेनरचं प्रेम असतं, काहींची अर्धी यादी त्या वर्षी धावलीच नसते. दोन संध्याकाळचं काम आहे. ते करून झालं की चेपस्टोच्या शुक्रवारचं कार्ड उघडा, तुमच्या पंधरातलं कोण आहे बघा, आणि रेसच्या आधी तासभर जमिनीचा ताजा रिपोर्ट वाचायला विसरू नका, रात्रीत पाऊस झाला असेल तर सकाळचं कार्ड जुनं झालेलं असतं.